आजीचं नाव काय होतं?



मी बंगळुरूच्या महादेवपुऱ्यातून बोलतोय. ज्यांनी हा भाग पाहिला नसेल त्यांना सांगतो, शहराच्या पूर्वेला, एकीकडे व्हाइटफील्ड आणि दुसरीकडे मराठहळ्ळी, मधे काचेच्या इमारती आणि त्यांच्यामधून मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या गाड्या. निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळे आम्ही दोघं इथे राहायला आलो. नवा माणूस ‘मराठहळ्ळी’ ही पाटी वाचून खूश होतो, आपलंच गाव असल्यासारखा. मीही झालो होतो. नावाची गंमत अशी असते. नुसतं ऐकलं की माणूस आपला की परका, हे आपण मनात ठरवून टाकतो. आजचा विषय तोच आहे.

आमच्या सोसायटीत, आमच्याच मजल्यावर, एक मावशी राहतात. वय ब्याऐंशी. लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मराठीत म्हणाल्या, “कुठला रे तू?” मी म्हटलं, “अलिबागकडचा.” त्या म्हणाल्या, “मग गावकरीच निघालास की.” आडनाव ऐकलं, तेही आमच्याच पट्ट्यातल्या एका गावाचं, शेवटी ‘कर’. मी मनातल्या मनात त्यांची जातसुद्धा ठरवून टाकली. आपण सगळे हे करतो, खोटं कशाला बोला. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे काहीतरी द्यायला गेलो, तेव्हा टेबलावर दिवे लावलेले होते आणि त्या डोक्यावर पदर घेऊन हिब्रूत प्रार्थना म्हणत होत्या. माझा अंदाज साफ चुकला होता. मावशी बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू.

मावशींच्या घरी महिन्यातून एका रविवारी पाच-सहा बायका जमतात. सगळ्या बेने इस्रायल, कुणी ठाण्याहून मुलीकडे आलेली, कुणी इथेच नोकरी करणारी. दोघी-तिघी इस्रायलमधून संगणकावर येतात. पोहे-चहा होतो आणि एका विषयावर गप्पा होतात. गेले काही महिने त्यांचा विषय आहे ‘आपली नावं’. मला बोलावणं येतं ते संगणक आणि माईक जोडायला. मग मी कोपऱ्यात खुर्ची टाकून ऐकत बसतो. तिथलं बोलणं इथे सांगायला त्यांनी परवानगी दिली आहे. अट एकच, कुणाचं नाव घ्यायचं नाही. नावावरच्या भागात नाव घ्यायचं नाही, ही अट ऐकून सगळ्या हसल्या. मी ती पाळणार आहे.

शनिवार तेली

आधी थोडा इतिहास, कारण पुष्कळ मराठी माणसांना हा समाज आपल्याच मातीतला आहे हे माहीत नसतं.

बेने इस्रायल म्हणजे ‘इस्रायलची लेकरं’. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी कोकण किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्या अलिबागजवळ नवगावला किनाऱ्याला लागल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. आज नवगावला त्यांचं स्मारक आहे. हे केव्हा घडलं याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. पण पुढचं चित्र स्पष्ट आहे. हे लोक कोकणातल्या गावागावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’.

म्हणजे गावाने दिलेली त्यांची पहिली ओळख कशावरून होती पाहा. ते काय करतात आणि कोणत्या दिवशी करत नाहीत, यावरून.

आडनावं आली गावांवरून. नवगावचे नवगावकर, नागावचे नागावकर, किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, चौलचे चेउलकर, झिराडचे झिराड. अशी शंभराच्या वर आडनावं या समाजात आहेत. याच गावांवरून हिंदूंची आणि मुसलमानांचीही आडनावं आहेत. ‘कर’ हा प्रत्यय धर्म विचारत नाही, पत्ता सांगतो. आपण मात्र त्यातून जात शोधत बसतो.

कर्नाटकात राहिल्यावर मला यातली आणखी एक गोष्ट कळली. इथे नावाआधी अक्षरं असतात. एच. डी. देवेगौडा यांच्यातला ‘एच’ म्हणजे हरदनहळ्ळी हे गाव आणि ‘डी’ म्हणजे दोड्डेगौडा, वडिलांचं नाव. एस. एम. कृष्णा यांच्यातला ‘एस’ म्हणजे सोमनहळ्ळी आणि ‘एम’ म्हणजे मल्लय्या. मराठी माणूस आधी स्वतःचं नाव लावतो, मग बापाचं आणि शेवटी गाव. इथे गाव पहिलं, मग बाप आणि शेवटी स्वतः. माल तोच, फक्त रांग उलटी. दोन्हीकडे एक माणूस मात्र रांगेत कुठेच नाही. तो कोण, हे मी नंतर सांगतो. तुमच्या लक्षात आलंच असेल.

एक माणूस, तीन नावं

जुन्या बेने इस्रायल पुरुषांची नावं वाचली की मजा वाटते. सामाजी, हसाजी, इसाजी, बनाजी. एखाद्या बखरीतली वाटतात. पण सामाजी म्हणजे सॅम्युअल. इसाजी म्हणजे आयझॅक. बनाजी म्हणजे बेंजामिन. हसाजी म्हणजे हिब्रूतला येहेझकेल, इंग्रजीतला इझिकेल. नाव बायबलमधलं, त्याला आपल्याकडचा ‘जी’ लावला आणि कोकणात रुळवलं.

मग एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले, त्यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. शाळा निघाल्या, हिब्रू आणि इंग्रजी शिकवली जाऊ लागली. पुढे हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी समाजासाठी १८७५ साली मुंबईत शाळा काढली आणि समाजाचा इतिहासही लिहून ठेवला. हळूहळू हसाजीचा नातू इझिकेल झाला आणि सामाजीचा नातू सॅम्युअल. प्रार्थनामंदिरात हिब्रू नाव, घरात मराठी, आणि सरकारी कागदावर इंग्रजी. कुणी खोटं बोलत नव्हतं. माणूस एकच, त्याला तीन दारांतून हाका येत होत्या.

सणांचंही तसंच. रोश हशाना म्हणजे त्यांचा ‘नव्याचा सण’. योम किपूर म्हणजे ‘दारफळणी’. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा उपवास म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं होतं. एका नावात कोकणातलं बिरडं आणि फारसीतला रोजा, आणि आत जेरुसलेमची आठवण. प्रार्थनामंदिराला जुनी माणसं ‘मशीद’ म्हणायची.

इथे मी फौजी माणूस, मला एक फौजी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत पुष्कळ बेने इस्रायल होते. त्यांतले एक देशी अधिकारी म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, कागदावर सॅम्युअल इझिकेल दिवेकर. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले. समाजात सांगतात ती कथा अशी. कैद्यांना शिक्षा व्हायची होती, तेव्हा त्यांना विचारलं, तू कोण? ते म्हणाले, बेने इस्रायल. टिपूच्या आईने ते ऐकलं. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते हे लोक, म्हणून तिने रदबदली केली आणि सामाजी वाचले. कथा किती खरी हे बाजूला ठेवा. पुढचं मात्र खरं आहे. सुटून आल्यावर त्यांनी मुंबईत १७९६ साली ‘शाआर हारहामीम’ म्हणजे दयेचं दार हे प्रार्थनामंदिर बांधलं. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. शेजारच्या सॅम्युअल स्ट्रीटला त्यांचंच नाव आहे.

श्रीरंगपट्टण माझ्या घरापासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. आणि बंगळुरातच, म्हैसूर रोडवर, ज्यूंची एक छोटी दफनभूमी आहे, १९०४ पासूनची. तिथल्या सुरुवातीच्या कबरींत एक आहे सुभेदार सॅम्युअल नागावकर यांची. मावशींना घेऊन मी तिथे गेलो होतो. नागाव माझ्या गावापासून हाकेच्या अंतरावर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माझ्याच तालुक्यातला एक फौजी इथे कायमचा विसावला, आणि दगडावर त्याचं गाव त्याच्यासोबत राहिलं. मी टाचा जुळवून सॅल्यूट केला. मावशी म्हणाल्या, “सुभेदाराचं नाव आहे, गाव आहे. त्याच्या बायकोचं नाव काय असेल रे?”

मला उत्तर देता आलं नाही.

बायकांची नावं कुठे गेली?

त्या महिन्याच्या बैठकीत मावशींनी हाच प्रश्न सगळ्यांपुढे ठेवला. एक-एक जण बोलू लागली.

एकजण म्हणाली, माझ्या पणजीला सगळे लाडूबाई म्हणत. हे हिब्रू नाव नाही. तिचं दुसरं नाव असेल, पण ते माहीत असणारं कुणी राहिलं नाही. दुसरी म्हणाली, माझं नाव शाळेत बाईंनीच बदललं, हजेरी घेताना उच्चारता येईना म्हणून. तिसरी म्हणाली, नाव सांगितलं की ख्रिश्चन समजतात, आडनाव सांगितलं की हिंदू समजतात, दोन्ही सांगितलं की विचारतात, तुमचा आंतरजातीय विवाह का?

मग त्यांनी सार्वजनिक जीवनातल्या बायकांची नावं काढली. ती यादी मी लिहून घेतली, कारण मलाही त्यातलं बरंच माहीत नव्हतं.

मूकपटांची राणी सुलोचना, तिचं खरं नाव रूबी मायर्स. प्रमिला, १९४७ ची मिस इंडिया, मूळची एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम. नादिरा म्हणजे फ्लॉरेन्स इझिकेल. या तिघी बगदादी ज्यू घराण्यांतल्या. फिरोजा बेगम म्हणजे सुझन सॉलोमन, ही बेने इस्रायल. त्या काळी घरंदाज बायकांनी सिनेमात जायचं नाही असा दंडक होता. ज्यू मुली पुढे आल्या, पण पडद्यावर त्यांना प्रेक्षकांच्या ओळखीची नावं दिली गेली. आता याच समाजातला पुरुष नट बघा. डेव्हिड अब्राहम चेउलकर, ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा. ते पडद्यावर काय होते? डेव्हिड. आईबापांनी ठेवलेलं नाव त्यांना चाललं.

मीरा महादेवन यांचं नाव दिल्लीत आदराने घेतात. बांधकामावरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी त्यांनी १९६९ साली ‘मोबाइल क्रेशेस’ हे पाळणाघरांचं काम सुरू केलं. त्या जन्माने मिरियम जेकब मेंद्रेकर. मिरियमची मीरा झाली, मेंद्रेकरांची महादेवन झाली, आणि तरी त्यांनी हिंदीत कादंबरी लिहिली ती बेने इस्रायल घरावर, ‘अपना घर’. नाव बदललं म्हणून माणूस आपलं घर विसरतोच असं नाही.

आणि एक नाव जे अजिबात बदललं नाही. डॉ. जेरुशा झिराड. जन्म आपल्या शेजारच्या शिवमोग्ग्याचा, १८९१ सालचा. लंडनला जाऊन डॉक्टरीतली एम.डी. मिळवली, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ साली पद्मश्री. जेरुशा हे बायबलमधल्या एका राजमातेचं नाव आणि झिराड हे अलिबागजवळचं गाव. कानडी मुलखातला जन्म, हिब्रू नाव, कोकणी आडनाव. कुठलंच लपवलं नाही.

यावर बैठकीतली सर्वात लहान मुलगी बोलली. ती इथेच एका कंपनीत आहे आणि आता इस्रायलला जाण्याच्या विचारात आहे. तिला तिच्या तिकडच्या भावंडांनी सांगितलंय की ‘कर’ काढून टाक, छोटं हिब्रू आडनाव घे, सोपं जाईल. ती म्हणाली, “इथे नाव सांगितलं की मी परकी वाटते, तिथे आडनाव सांगितलं की परकी वाटेन. मग मी काय काढू?”

कुणी लगेच बोललं नाही. मग मावशींनी एस्थरची गोष्ट सांगितली. बायबलमधली ही ज्यू मुलगी पर्शियाच्या राजाची राणी झाली. तिचं आधीचं नाव हदस्सा. आपलं कूळ सांगू नकोस, असं तिच्या पालकाने बजावलं होतं. तिने बरेच दिवस सांगितलं नाही. पण तिच्या लोकांवर बेतलं तेव्हा तिने जीव धोक्यात घालून राजाला सांगितलं, आणि लोक वाचले. पुरीमचा सण त्याचाच. मावशी म्हणाल्या, “लपवलं म्हणून ती वाईट ठरली नाही. कधी सांगायचं ते तिने स्वतः ठरवलं. तुझं तू ठरव. फक्त दुसऱ्याच्या सोयीसाठी ठरवू नकोस.”

आईची साखळी

आता मघाचा प्रश्न. रांगेत नसलेला तो माणूस कोण? आई.

ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मूल ज्यू असणं आईवरून ठरतं. बापावरून नाही. गंमत अशी की नाव मात्र बापाचं लागतं. हिब्रू नावात मुलगा असेल तर ‘अमक्याचा बेन’, मुलगी असेल तर ‘अमक्याची बत’, आणि ते अमके म्हणजे वडील. ओळख आईची, नाव बापाचं.

याची झळ बेने इस्रायलांना लागली ती १९६० च्या दशकात. इस्रायल १९४८ साली स्थापन झालं. पुढच्या काळात बेने इस्रायल मोठ्या संख्येने तिकडे गेले. भारतात १९५१ च्या जनगणनेत ज्यू २६ हजारांच्या वर होते, २०११ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास उरले. तिथे गेल्यावर १९६२ साली मुख्य रब्बींकडून सूचना निघाली की यांची लग्नं लावण्याआधी त्यांच्या आईची, आजीची आणि जमेल तितकं मागे जाऊन वंशावळ तपासा. ज्या समाजाने शेकडो वर्षं कोकणातल्या खेड्यांत शनिवार पाळला, त्याला सांगितलं गेलं की आजीची आजी कोण ते सिद्ध करा.

आता विचार करा. कोकणातल्या कुठल्या दप्तरात आजीच्या आजीचं नाव असणार? सात-बारावर पुरुष, फौजेच्या रोलवर पुरुष, कबरीच्या दगडावर ‘अमक्याची पत्नी’. विचारणा नेमकी त्या साखळीची झाली, जी कुणीच लिहून ठेवली नव्हती. लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आंदोलन केलं, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. त्यानंतर ती सूचनाही बदलली.

मावशींच्या मते या सगळ्याचं उत्तर त्यांच्या जुन्या कथेतच आहे. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला. हे लोक खरोखर ज्यू आहेत का हे त्याला पाहायचं होतं. त्याने कागद मागितले नाहीत, नावंही विचारली नाहीत. त्याने बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी घेतली, बाकीची बाजूला काढली. ज्यू आहाराचा तोच नियम आहे. रहाबीची खात्री पटली. मावशी म्हणाल्या, “परीक्षा बायकांनी दिली रे. पास समाज झाला. आणि त्या बायकांतल्या एकीचंही नाव गोष्टीत नाही. रहाबीचं मात्र आहे.”

एकच जागा अशी आहे जिथे आईचं नाव लागतं. आजारी माणसासाठी प्रार्थना करतात तेव्हा त्याच्या नावापुढे वडिलांचं नाही, आईचं नाव घेतात. हे ऐकल्यावर मला आमची लष्करी रुग्णालयं आठवली. खाटेच्या पाटीवर नंबर, हुद्दा, नाव, युनिट. आणि वेदना वाढल्या की प्रत्येक जवान, कुठल्याही धर्माचा असो, हाक आईलाच मारतो.

माझी चूक

आता जे सांगतो ते मी याआधी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे काही काळ कागदपत्रं तपासण्याचं काम होतं. एका हवालदाराची विधवा पेन्शनच्या कागदांसाठी आली. लष्करात प्रत्येक जवानाच्या घरच्यांची नोंद असते, तिला किंड्रेड रोल म्हणतात. त्यात बायकोचं नाव एक होतं आणि या बाईंच्या रेशनकार्डावर दुसरंच. मी शिस्तीचा. म्हटलं, नाव जुळत नाही, जुळवून आणा. त्या तालुक्याला गेल्या, परत आल्या, पुन्हा एक कागद कमी. असे अकरा महिने गेले. पदरात दोन मुलं होती.

शेवटी आमच्या सुभेदार मेजर साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला. “साहेब, दोन नावं का आहेत, हे बाईंना कुणी विचारलं का?” मी विचारलं नव्हतं. मग विचारलं. त्या म्हणाल्या, लग्नात सासूने नाव बदललं, रेशनकार्डावर ते आहे. पण ह्यांना ते आवडायचं नाही. हे मला माहेरच्या नावानेच हाक मारायचे, म्हणून भरतीनंतर त्यांनी तेच लिहून दिलं.

म्हणजे नवऱ्याने तिचं खरं नाव सरकारी कागदात जपून ठेवलं होतं, आणि मी ते चूक म्हणून धरलं होतं. काम पुढे आठ दिवसांत झालं. शाळेचा दाखला आणि सरपंचांचं पत्र एवढंच लागलं. पण त्या अकरा महिन्यांचा हिशेब माझ्या नावावर आहे.

मावशींच्या बैठकीनंतर मी घरी आलो आणि बायकोला विचारलं. आमच्या लग्नातही ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहिलं होतं. माझ्या आईने निवडलेलं. अडतीस वर्षं मी तिला त्याच नावाने हाक मारतोय. पदवीच्या आणि पासपोर्टच्या कागदावर मात्र जुनं नाव आहे. मी म्हटलं, “तुला कुठलं आवडतं?” ती म्हणाली, “इतक्या वर्षांनी सुचलं होय? माहेरच्या नावाने हाक मारणारी आता दोनच माणसं राहिली. एक माझी बहीण आणि एक बँकेतला कारकून.” तिने हसून सांगितलं. मला हसता आलं नाही. आता मी दोन्ही नावं वापरतो. सुरुवातीला जीभ अडखळायची.

तुम्ही काय करायचं

मावशींच्या बैठकीत एक तक्ता तयार केलाय. तो कुठल्याही घरात चालेल, म्हणून इथे देतो. एका कागदावर चार रकाने आखा.

पहिला, घरात हाक मारतात ते नाव. दुसरा, धर्मविधीतलं किंवा पाळण्यातलं नाव. तिसरा, कागदावरचं नाव. चौथा, लग्नानंतरचं नाव, बदललं असेल तर.

आता ओळी भरा. पहिली ओळ तुमची. दुसरी आईची. तिसरी आईच्या आईची. चौथी तिच्या आईची. मग वडिलांची आई, आणि तिची आई. बापाकडची वंशावळ भाटांनी, क्षेत्राच्या ठिकाणच्या उपाध्यांनी पुष्कळ लिहून ठेवली आहे. ही दुसरी आपल्यालाच लिहायची आहे. घरातल्या सर्वात वयस्क बाईकडे आजच जा आणि विचारा. फोनवर आवाज नोंदवून ठेवा, कारण उच्चारही महत्त्वाचा असतो.

मग एक व्यवहाराचं काम करा. तिसऱ्या रकान्यातलं नाव सगळीकडे एकच आहे का ते तपासा. आधार, पॅन, बँक, आणि पेन्शन असेल तर पीपीओ. माजी सैनिकांना माझं खास सांगणं आहे. पीपीओवर बायकोचं नाव आणि जन्मतारीख आजच उघडून बघा. फरक असेल तर तुम्ही हयात असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते. प्रतिज्ञापत्र करा, गरज पडली तर राजपत्रात नोंद करा आणि आपल्या रेकॉर्ड ऑफिसला कळवा. हे काम तिच्यावर टाकून जाऊ नका.

आणि कागदावर एकच नाव ठेवलं म्हणून बाकीची नावं पुसायची गरज नाही. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तेव्हापासून महाराष्ट्रात त्यांच्या धर्माची वेगळी नोंद होऊ शकते, ‘इतर’ म्हणून लिहावं लागत नाही. मावशी म्हणतात, एका रकान्यात स्वतःचं नाव वाचायला आम्हाला इतकी वर्षं थांबावं लागलं, तर उरलेले रकाने आम्हीच भरू.

मी माझा तक्ता भरला. आईच्या आईपर्यंत गेलो. वडिलांच्या आईचं सासरचं नाव माहीत होतं, माहेरचं कुणालाच आठवेना. अलिबागला चुलतबहिणीला फोन केला, तिने तिच्या आत्याला विचारलं. तीन दिवसांनी नाव मिळालं. पणजीचा रकाना मात्र रिकामाच आहे. फौजेत मला बारा पिढ्यांचे पराक्रम पाठ होते, आणि घरात तिसऱ्या पिढीतली बाई मला माहीत नाही.

त्या मुलीचं काय ठरलं, असं तुम्ही विचाराल. तिने अजून ठरवलेलं नाही. पण मागच्या बैठकीत तिने आपला तक्ता दाखवला. पाच पिढ्या भरल्या होत्या. लाडूबाईंचं नाव त्यात होतं, तिच्या दुसऱ्या नावाची जागा मोकळी सोडून. संगणकावरून इस्रायलमधल्या एक आजीबाई म्हणाल्या, “थांब, माझ्या आईच्या तोंडून एकदा ऐकलं होतं, आठवून सांगते.” आम्ही सगळे थांबलो. त्यांना तेव्हा आठवलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा विचारायचं ठरलंय, आणि माईक जोडायला मी जाणारच आहे.

तुमचा तक्ता आज सुरू करा, मंडळी. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.